पितळेची वजने आणि सोन्याचा हिशेब

राष्ट्र स्वतंत्र होण्याच्या आदल्या दिवशी त्याचे राष्ट्रीय संग्रहालय खुले व्हावे, असा योग फार थोड्या देशांच्या वाट्याला आला असेल. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाच्या वाट्याला तो आला. 5 मार्च 1957 रोजी राजधानी अक्रा येथे, बार्न्स रोडवर, हे संग्रहालय सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी ‘गोल्ड कोस्ट’ म्हणजे सुवर्णकिनारा या नावाने ओळखली जाणारी ब्रिटिश वसाहत ‘घाना’ या नावाने स्वतंत्र झाली. नव्या सत्तेने कारभार हाती घेण्यापूर्वीच आपल्या वडिलोपार्जित चीजवस्तूंची जणू यादी करून ठेवली होती. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही पद्धत मनापासून पटली. कार्यभार स्वीकारण्याआधी तिजोरीतील ऐवज मोजून घेणे हा आमच्या व्यवसायातील पहिला धडा आहे.

माझा भाचा गेली काही वर्षे अक्रा येथील एका व्यापारी पेढीचे हिशेब पाहतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या जानेवारीत आम्ही उभयता तीन आठवडे तिकडे राहून आलो. त्या दिवसांत सहारा वाळवंटाकडून ‘हरमॅटन’ नावाचे कोरडे वारे वाहतात. आकाश धुळीने धूसर असते आणि सूर्य दुपारीही चांदीच्या रुपयासारखा फिकट दिसतो. त्या धूसर प्रकाशात संग्रहालयाचा ॲल्युमिनियमचा घुमट प्रथम दृष्टीस पडला. पुढे लंडनच्या नॅशनल थिएटरमुळे विख्यात झालेले वास्तुविशारद डेनिस लास्डन यांची ही रचना आहे. 2015 मध्ये दुरुस्तीसाठी बंद झालेली ही वास्तू 2022 मध्ये पुन्हा खुली झाली.

आत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. हातमागावर चार बोटे रुंदीच्या पट्ट्या विणून, त्या शिवून तयार केलेले केंटे वस्त्र आहे. दूरवर संदेश पोहोचवणारे, ज्यांना ‘बोलणारे’ म्हणतात असे ढोल आहेत. एकाच लाकडातून कोरलेली आसने आहेत. या आसनांविषयीची एक समजूत मला फार आवडली. आकान लोकांच्या मते माणसाचे आसन म्हणजे त्याच्या आत्म्याचे निवासस्थान. म्हणून धनी उठला की आसन कुशीवर कलते करून ठेवावयाचे, अन्य कोणी भलत्यानेच त्यावर बसू नये म्हणून.

परंतु मी खिळून राहिलो तो सोने तोलण्याच्या वजनांपाशी.

आकान हा घानातील सर्वांत मोठा भाषिक समूह. असांते, फांते हे त्यातीलच. या लोकांच्या प्रदेशात नद्यांच्या वाळूत आणि मातीत सोने सापडते. नाण्यांऐवजी सोन्याची पूड हेच त्यांचे चलन होते. बाजारातील लहानमोठी खरेदी असो, दंड असो की विवाहप्रसंगीचे देणे असो, पूड तोलूनच व्यवहार होत असे. सुमारे 1400 पासून 1900 पर्यंत, म्हणजे पाच शतके, हे तोलण्यासाठी तेथील कारागिरांनी पितळेची असंख्य वजने ओतली. प्रत्येक प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या घरी एक गाठोडे असे. त्यात लहानसा तराजू, पूड उचलण्याचे पितळी चमचे, पूड ठेवण्याच्या डब्या, चाळणी आणि वजनांचा संच. आपल्या जुन्या सराफाच्या गादीवरील पेटीच जणू! सर्वांत हलक्या मापासाठी बियांचा उपयोग होत असे. त्यांतील एक बी लाल, टोकाशी काळा ठिपका असलेली. ती पाहताच माझी पत्नी म्हणाली, “अहो, ही तर गुंज!” ती खरोखरच गुंज आहे. आपल्या गुंज-मासा-तोळ्यातील गुंज समुद्रापलीकडच्या सोनाराच्या तराजूतही होती.

या वजनांची प्रमाणेही उद्बोधक आहेत. आरंभीची वजने सहारा ओलांडून येणाऱ्या मुस्लिम व्यापाऱ्यांच्या ‘मिथकाल’ या मापाशी जुळतात. पुढे किनाऱ्यावर पोर्तुगीज आणि डच आले, तेव्हा त्यांच्या औंसांशी जुळणारी वजने तयार झाली. ज्याच्याशी व्यापार करावयाचा त्याचे माप आपल्या पेटीत असावे, हा व्यवहार त्या लोकांनी किती लवकर ओळखला होता! व्यवहार करताना दोन्ही पक्ष आपापल्या वजनांनी तोलून पाहत. विश्वास होता आणि पडताळणीही होती. बँकेच्या भाषेत ही दुहेरी तपासणीच म्हणावी लागेल.

जुनी वजने भौमितिक आहेत. पायऱ्या, चौकोन, नागमोडी रेघा अशा त्यांच्या आकृत्या. नंतरच्या वजनांत मात्र अवघा संसार अवतरला आहे. मासा, मगर, खेकडा, ढाल, आसन, भार वाहणारी स्त्री, तंबाखू ओढणारा वृद्ध, आणि हे सारे बोटभर उंचीचे. मेणाची आकृती घडवावयाची, तिच्यावर मातीचा लेप द्यावयाचा, तापवून मेण वितळवावयाचे आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा. आपल्या परंपरेत याला मधूच्छिष्ट विधान म्हणतात. आपल्याकडील प्राचीन धातूच्या जिनप्रतिमा याच पद्धतीने ओतलेल्या आहेत. काही वेळा मेणाऐवजी प्रत्यक्ष भुईमुगाची शेंगच मातीत लिंपून तिचे वजन ओतले जाई. त्या पितळी शेंगेवरील जाळी अजून जशीच्या तशी दिसते.

भाच्याने विचारले, “मामा, इतकी नक्षी केल्यावर वजन नेमके कसे उतरायचे?”

त्याचे उत्तर वजनांच्या अंगावरच असते. ओतलेली आकृती जड भरली तर तिचा एखादा पाय किंवा कडा कानशीने घासून कमी करीत. हलकी भरली तर पोकळीत शिसे भरीत किंवा एखादी कडी अडकवीत. कलावंताने केलेले काम व्यापारी निःसंकोचपणे घासून टाकी, कारण शोभेपेक्षा मापाचा मान मोठा.

यांतील अनेक आकृतींमागे म्हणी आहेत. दोन मगरी, पोट मात्र एकच. पोट सामाईक असूनही घासासाठी भांडतात. एकत्र कुटुंबाच्या दुकानात ज्याने दिवस काढले त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मान मागे वळवलेला ‘सांकोफा’ पक्षी सांगतो की, विसरलेले मागे जाऊन घेऊन येण्यात कमीपणा नाही. मला सर्वांत भावली ती धनेश पक्षी आणि सापाची गोष्ट. धनेशाने सापाकडून कर्ज घेतले. आपल्याला पंख आहेत, हा सरपटणारा जीव आपले काय करणार, या गुर्मीत त्याने ते फेडले नाही. साप स्वस्थ राहिला. पुढे मोठा दुष्काळ पडला, पाणवठा एकच उरला. तहानलेला धनेश तेथे उतरला आणि वाट पाहत असलेल्या सापाने त्याची मान धरली. कर्जवसुली विभागात काम केलेल्या माणसाला ही कथा वाचून हसू आले तर वाचकांनी क्षमा करावी. त्या सोन्याच्या पुडीबरोबर दर व्यवहारात ऋणकोपुढे ही नीतिकथाही तराजूत ठेवली जात होती.

इथपर्यंतचे चित्र मनोहर आहे. पण हिशेबाची वही एका बाजूनेच वाचून चालत नाही.

1817 मध्ये टी. ई. बाउडिच नावाचा इंग्रज असांते राज्याची राजधानी कुमासी येथे गेला होता. त्याने नोंदवून ठेवले आहे की, राजाची वजने देशातील चालू वजनांपेक्षा एकतृतीयांशाने जड होती. राजवाड्याच्या खर्चाचे सोने जड वजनांनी तोलून बाहेर पडे, बाजारात ते हलक्या वजनांनी खर्च होई, आणि मधला फरक मुदपाकखाना व खासगीकडील अधिकाऱ्यांच्या पदरात पडे. दुसरीकडे, 18व्या शतकाच्या आरंभी विलेम बोस्मान या डच व्यापाऱ्याने सोन्यात होणाऱ्या भेसळीचे आणि ती ओळखण्याच्या रीतींचे वर्णन केले आहे. काचेच्या कपाटापुढे उभे असताना मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवला. अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे घेताना जड आणि देताना हलके माप वापरणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे खऱ्यात खोटे मिसळणे, हे दोन आहेत. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखा म्हणूनच दोष सारखे आणि त्यांची नोंदही सारखी. त्याच पाचांत आणखी एक अतिचार आहे, ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. या शब्दाचा अर्थ घानाच्या उर्वरित प्रवासात मला नव्याने कळत गेला.

प्रथम चलनाविषयी. घानाच्या आजच्या चलनाचे नाव ‘सेदी’. 1965 मध्ये ते सुरू झाले. आकान भाषेत ‘सेदिए’ म्हणजे कवडी. सेदीच्या शंभराव्या भागाला ‘पेसेवा’ म्हणतात, तेही सोने तोलण्याच्या जुन्या लहान मापाचेच नाव. एका बाजूस कवडी, दुसऱ्या बाजूस सोने. संपूर्ण आर्थिक इतिहास दोन शब्दांत आला आहे.

या कवड्या घानाच्या किनाऱ्यावरील नव्हत. त्या आपल्या शेजारच्या मालदीव बेटांतून येत. बंगालमध्ये त्या सुट्या नाण्यासारख्या चालत. आपल्या ‘कवडीमोल’ आणि ‘फुटकी कवडी’ या शब्दांत ती आठवण अजून आहे. युरोपीय कंपन्यांची जहाजे हिंदुस्थानातून परतताना तळाशी भार म्हणून कवड्या भरून नेत. लंडन आणि ॲम्स्टरडॅमच्या लिलावांत त्या विकल्या जात आणि तेथून पश्चिम आफ्रिकेत जात. तेथे त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात. आपल्या गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील सुती कापडाचीही हीच गत. 18व्या शतकात पश्चिम आफ्रिकेत जाणाऱ्या युरोपीय मालात हिंदुस्थानी कापडाचा वाटा मोठा होता आणि त्यातील पुष्कळसे गुलामांच्या खरेदीत खर्ची पडले. सुरत-भडोचच्या ज्या पेढ्यांनी ते कापड विकले, त्यांच्या वहीत ‘कापड’ एवढीच नोंद असणार. ते पुढे कशाच्या मोबदल्यात जाणार, हा रकाना त्या वहीत नव्हता.

कवडीने पुढे आणखी एक धडा दिला. 19व्या शतकाच्या मध्यापासून जर्मन आणि फ्रेंच पेढ्यांनी झांझिबारकडील स्वस्त कवड्या जहाजे भरभरून पश्चिम आफ्रिकेत ओतल्या. कवडीचा भाव कोसळला आणि ज्यांची आयुष्यभराची बचत कवड्यांत होती ती घरे बसली. चलनवाढ हा शब्द तेथील शेतकऱ्याला ठाऊक नसेल, पण तिची झळ त्याला पुरती ठाऊक झाली.

अक्र्याहून पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरवर केप कोस्टचा किल्ला आहे आणि त्याच्यापुढे थोड्याच अंतरावर एल्मिनाचा. एल्मिना पोर्तुगिजांनी 1482 मध्ये बांधला, तो सोन्यासाठी. त्याच्या नावाचा अर्थच ‘खाण’ असा आहे. पुढे हे दोन्ही किल्ले माणसांची कोठारे झाली. केप कोस्ट येथे पुरुषांच्या अंधारकोठडीच्या वरच प्रार्थनामंदिर होते. खाली शेकडो माणसे श्वासासाठी तडफडत असताना वर प्रार्थना चालत असत. समुद्राकडे उघडणाऱ्या दाराला आज ‘न परतीचे दार’ म्हणतात. अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांवर चढवलेल्या माणसांची संख्या सुमारे सव्वा कोटी मानली जाते. त्यांपैकी सुमारे अठरा लाख प्रवासातच मेली. या किनाऱ्यावर गुलामांचा भाव सोन्याच्या औंसांत सांगत. संग्रहालयातील ती सुबक मगर, तो मासा, तो सांकोफा ज्या हिशेबासाठी होता, त्याच हिशेबात माणूसही आला. तराजू बिनचूक होता आणि वजन पूर्ण भरले होते. पण पारड्यात काय ठेवले आहे, हे तराजू सांगत नाही.

हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाला वर्ज्य अशा 15 व्यवसायांची गणना केली आहे. त्यांत दंतवाणिज्य म्हणजे हस्तिदंतासारख्या वस्तूंचा व्यापार आहे, आणि केशवाणिज्य म्हणजे दासदासी व पशूंची विक्रीही आहे. 12व्या शतकातील ही यादी पूर्वी मला जुन्या काळची वाटे. सोने, हस्तिदंत आणि माणसे ज्या किनाऱ्यावरून निर्यात झाली, त्या किनाऱ्यावर उभे राहिल्यावर ती जुनी वाटली नाही.

शेवटचा आठवडा कुमासी येथे गेला. अक्र्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावरील हे शहर आजही असांते राजाचे, म्हणजे असांतेहेनेचे, पीठ आहे. 1874 मध्ये गार्नेट वूल्झली याच्या हाताखालील ब्रिटिश फौजेने कुमासी लुटून राजवाडा सुरुंगाने उडवला. वर तहात पन्नास हजार औंस सोन्याची खंडणी लादली. म्हणजे ज्याचे घर लुटले त्यालाच मोहिमेचा खर्च लावला. लुटीचा लिलाव झाला, काही दागिने लंडनच्या जवाहिऱ्यामार्फत तेथील संग्रहालयात पोहोचले. 1896 मध्ये थकलेल्या खंडणीचे निमित्त पुढे करून तरुण राजा पहिला प्रेम्पे याला कैद केले. सिएरा लिओन आणि नंतर सेशेल्स बेटांवर काढलेल्या वनवासानंतर 1924 मध्ये तो परतला. त्याच्यासाठी 1925 मध्ये बांधलेल्या मान्हिया राजवाड्यात आता संग्रहालय आहे.

या संग्रहालयात 2024 मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम यांच्याकडून 32 वस्तू आल्या. दीडशे वर्षांनी आलेल्या त्या वस्तू पाहण्यासाठी गावोगावचे लोक लोटले. पण त्या आल्या कशा? तीन वर्षांच्या मुदतीच्या उसनवारीवर. ब्रिटिश कायद्याप्रमाणे त्या संग्रहालयांना आपल्या संग्रहातील वस्तू कायमच्या देऊन टाकता येत नाहीत. मी आयुष्यभर कर्जाची प्रकरणे पाहिली. तारण ठेवणारा, हमी देणारा, थकवणारा, असे ऋणकोचे सर्व प्रकार पाहिले. परंतु मालकानेच स्वतःच्या वस्तूचा ऋणको म्हणून सही करावी, असे प्रकरण माझ्या टेबलावर कधी आले नव्हते. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने आपल्याकडील 7 वस्तू कोणतीही अट न घालता कायमच्या परत केल्या, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे मार्ग आहे. तो घेण्याची इच्छा लागते.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. घानात प्रवेशासाठी पीतज्वराची लस टोचल्याचा दाखला आवश्यक असतो. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शाकाहाराची अडचण वाटते तेवढी नाही. तळलेली राजेळी केळी, चवळीची उसळ, भात, अननस, पपई आणि शहाळे सर्वत्र मिळते. मात्र रश्श्यात मासळी नाही ना, आणि कांदा, आले चालत नसेल तर तेही, प्रत्येक ठिकाणी स्पष्ट विचारून घ्यावे. लोक अतिशय सौजन्यशील आहेत. नमस्कार-चमत्कार झाल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू करणे तेथे असभ्यपणाचे मानतात, आणि वस्तू देता-घेताना उजवाच हात वापरतात. आपल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही.

आणि एक गोष्ट व्यापारी बंधूंसाठी. भारत आजही घानाकडून जे घेतो त्यात सोने सर्वांत मोठे आहे. त्याखालोखाल कच्चा काजू आणि कोको. घानात परवान्याशिवाय चालणाऱ्या खाणकामाला ‘गलामसे’ म्हणतात. त्यात सोने वेगळे काढण्यासाठी पारा वापरतात आणि त्या पाऱ्याने व गाळाने तेथील नद्या तांबड्या-गढूळ झाल्या आहेत. कुमासीच्या रस्त्यावर अशी एक नदी आम्ही पुलावरून पाहिली. चहाच्या रंगाचे ते पाणी पिण्यास सोडाच, हात धुण्यासही घेववेना. हे सोने आटून, शुद्ध होऊन, शिक्का मारून बाजारात आले की कुठल्या नदीतून आले ते कसोटीचा दगड सांगू शकत नाही. आपल्या समाजातील किती घरे सराफी व्यवसायात आहेत, हे वेगळे सांगावयास नको. आपण माप चोख देतो, भेसळ करीत नाही, हिशेब स्वच्छ ठेवतो आणि याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. सुरतेच्या कापडवाल्यांनाही तो असणारच. त्यांच्या वहीत जो रकाना नव्हता, तो आपण आखू शकतो. माल पुरवणाऱ्याला उगमाचा दाखला मागणे, तो देत नसेल तर दुसरा पुरवठादार शोधणे, एवढे आज कोणत्याही पेढीच्या आवाक्यात आहे. किमतीत थोडा फरक पडेल. तो खर्चाच्या बाजूला उघडपणे लिहावा.

अक्र्याला कामानिमित्त जाणारे आपले बंधू आता पुष्कळ आहेत. त्यांनी एक सकाळ राखून ठेवावी, बार्न्स रोडवर जावे आणि मुलांना त्या बोटभर पितळी मगरीपुढे थोडा वेळ उभे करावे.